डिझेलचं रजिस्टर

तवसाळच्या सोसायटीत मी सत्त्याऐंशी सालापासून
डिझेल लिहिते.
तारीख, होडीचं नाव, तांडेलाची सही, लिटर.
'शेरा' या रकान्यात बहुधा काही नसतं.
कधी 'उधार', कधी 'सही नाही, अंगठा',
एकदाच 'होडी परत आली नाही'.

पहिल्या रजिस्टरात वीस लिटरच्या पुढे कुणी जात नाही.
एका सिलिंडरचं यंत्र, टकटकत पहाटे निघायचं,
आठ वाव पाण्यात बांगडा, जेवायला घरी.
मग चाळीस. मग दीडशे.
मग सहा सिलिंडर, तीन रात्री, पन्नास वाव,
सहाशे लिटर, आणि बर्फ वेगळा.
मासा जितका लांब सरकला
तितका आकडा त्याच्या मागे धावला.

खाडीपलीकडे जयगडला चिमणी उभी राहिली.
रात्री कोळशाची जहाजं बाहेर नांगरून असतात,
दिवे मोजून बायका म्हणतात, आज चार.
कुठल्या तरी बेटावरचा डोंगर
टोपल्याटोपल्याने आमच्यासमोर उतरतो
आणि तारांवरून घाट चढून जातो.
वादळात खांब पडले तेव्हा सत्तावीस दिवस
पलीकडे ती चिमणी, लाल दिवा लुकलुकत,
अलीकडे आमची चिमणी, काचेला काजळी.
रॉकेल कुठून आणलं ते विचारू नका.

फाल्गुनात पुण्याहून ओजस नावाचा मुलगा आला.
माझी रजिस्टरं त्याला हवी होती, अडतीस वर्षांची.
बदल्यात त्याने लॅपटॉपवर जगाची मागणी दाखवली,
सन एकोणीसशेपासून दोन हजार पन्नासपर्यंत,
एकावर एक रंगीत पट्टे.
"कोळसा वाकेल, मावशी. कधी, यावर वाद आहे."
मी म्हटलं, नवीन आलं की जुनं जातं ना?
तो म्हणाला, "आतापर्यंत तरी नाही गेलं.
जुन्याच्या डोक्यावर बसलं."
हे मला कळलं. आमच्याकडे गॅस आला
तेव्हा चूल गेली नाही,
न्हाणीघरात सरकली.

"आणि हा सगळ्यात वरचा, बारीक, नवीन," तो म्हणाला,
"वारा."

बाकावर इस्माईलचाचा होडेकर जाळ्याची फाटकी आखं सांधत होते.
ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले.
"वारा नि नवा?"

त्यांचा बाप मंगळुराहून कौलं आणायचा, शिडाच्या मचव्यातून.
पहाटेच्या मतलईवर बाहेर, दुपारच्या खाऱ्यावर आत.
या वाडीतलं अर्धं छप्पर वाऱ्याने वाहून आणलंय
आणि त्याची एक ओळ कुठल्या वहीत नाही.
ओजसने पडद्याची डावी कड पाहिली.
तिथे कोरी जागा होती.
"त्याचा डेटा नाही, चाचा."
"बिल नव्हता ना," चाचा म्हणाले, आणि सुई दातात धरली.

आषाढात होड्या वर ओढलेल्या असतात.
दोन महिने मी रोज एकच शब्द लिहिते : निरंक.
अशाच एका दुपारी, हात रिकामा होता म्हणून,
पट्टी घेतली आणि शेऱ्याच्या अलीकडे
पेन्सिलीने एक रकाना पाडला. वर लिहिलं 'वारा'.
मग अडले. कशात मोजायचा? लिटरात नाही,
युनिटात लिहावा तर मीटर कुणी बघितलाय.
चाचांना विचारलं. त्यांनी दाराबाहेर बोट काढलं,
थोडा वेळ तसंच धरलं.
"लिव. पालशेतला जाऊन परत."

लिहिलं. ऑडिटर लाल शाईने गोल करील, करू दे.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी
चाचांचाच नातू धक्क्यावर पहिला आला, नवं यंत्र घेऊन.
मी लिटरचा रकाना भरला. सातशे ऐंशी.
शेजारचा त्याने वाचला, मान वाकडी करून,
आणि विचारलं,
"हा कोणाच्या खात्यावर?"